विचारपूस करणाऱ्यांचे पथ्य

सकाळच्या प्रहरी धाकट्या सुनेच्या बोटांची मूठ वळत नसे. एका शिंप्याच्या दुकानात ती सदऱ्यांना हाताने काजे करीत असे. हल्ली सुई बोटांतून निसटू लागली होती, आणि मालकाने शांतपणे बजावले होते, "हात सुधारा, नाहीतर काजांना दुसरी बाई बघतो."

तिच्या सासरी एक रीत होती. आजाऱ्याच्या विचारपुशीस जो येई, त्याने जाताना एखादा पदार्थ वर्ज्य करून जावे, म्हणजे आपुलकी सिद्ध झाली. घरच्यांनी तो पाळावा, म्हणजे मान राखला गेला. या न्यायाने नणंदेने दही नेले, चुलतसासऱ्यांनी टोमॅटो, शेजारणीने अंडी, आणि जावेच्या भावाने, ज्यास स्वतःचे पोट सांभाळवत नव्हते, मासे. ताटात उरले भात, उकडलेला दुधी आणि पातळ डाळ. डॉक्टरीणबाईंनी संधिवातावर दिलेल्या गोळ्या जेवणावर घ्यायच्या; पण असल्या जेवणावर त्या पोटात आग पाडीत, म्हणून त्याही कपाटात गेल्या. सासूबाई म्हणत, "आधी पथ्य होऊ दे पुरतं."

पुढच्या तपासणीत हे कळताच डॉक्टरीणबाई चिडल्या. "मासे, डाळी, भाज्या, फळं खा. तळलेलं, गोड कमी करा. एखादा पदार्थ खरोखर बाधला, तर तेवढाच सोडा. खाण्यानं थोडा आराम पडेल, पण सांधे वाचवतील त्या गोळ्या. हे पथ्य दिलं कुणी तुम्हाला?"

"सगळ्यांनी," ती म्हणाली.

घरी नवऱ्याने सारे ऐकून घेतले. "बरोबर आहे बाईंचं. पण आईला कोण सांगणार?" असे म्हणून त्याने वर्तमानपत्रात डोके घातले.

रविवारी मावससासूबाई आल्या. त्यांच्यासाठी माशांचा रस्सा सुनेनेच सुजल्या बोटांनी रांधला. जेवता जेवता पाहुणीने विचारले, "काय काय बंद केलंय हिचं?"

सासूबाईंनी अभिमानाने एकेक नाव घेतले. पाहुणीचा चेहरा पडला. त्यांच्यासाठी कोणी काही शिल्लकच ठेवले नव्हते. मग त्यांची नजर पातेल्यावर गेली. "डाळ खातेय की अजून. तीच भोवतेय बघ."

"असं होय? बंद करू आजपासून," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, तुमचेही गुडघे धरलेत ना?" सुनेने विचारले. "तुम्ही काय सोडलंत?"

"माझं काय गं, माझं वय झालं," म्हणत मावशींनी आणखी एक तुकडी वाढून घेतली.

सुनेने आपले ताट घेतले. भात, डाळ, रस्सा, दोन तुकड्या वाढल्या आणि ती मावशींच्या शेजारी जेवायला बसली.

"हे काय चाललंय?" सासूबाईंनी विचारले.

"जेवतेय. आला तो माझ्या ताटातलं काढून गेला, घातलं कुणीच नाही. आता डाळही गेली, तर पुढच्या पाहुण्याला काढायला काय देणार, ताट?"

नवऱ्याला हसू फुटले. आईकडे पाहताच त्याने ते गिळले. सुनेने पोटभर जेवून सर्वांसमक्ष गोळी घेतली. मावशी चहा न घेताच निघाल्या, आणि सासूबाईंनी कित्येक दिवस अबोला धरला.

काही महिन्यांत सूज ओसरली. मूठ वळू लागली. परंतु उजव्या हाताचे मधले बोट, ज्याच्या आधाराने सुई चाले, वाकडे राहिले ते राहिलेच. गोळ्यांत खंड पडला नसता तर ते बहुधा वाचले असते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मालकाने काजांना दुसरी बाई ठेवली आणि हिला घड्या घालायला बसवले.

वाचकहो, त्या बोटाचा अपराधी शोधू गेल्यास सापडणार नाही, कारण जो तो आपुलकीनेच आला होता. आपण कुणा आजाऱ्याच्या घरी सल्ला देण्यास तोंड उघडू, तेव्हा त्याच्या ताटात काय उरले आहे, एवढे तरी आधी पाहावे.