बंधाऱ्यावरची लाल टाचणी

त्या दिवशी मी पाण्याखाली होते, हे कुणालाच पटलं नाही. आजही पटत नाही. मी संगणकातल्या नकाशावरची लाल टाचणी बोलतेय, आणि मला गोड बोलायला येत नाही. ऐकायचं तर ऐका.

माझा जन्म कोल्हापूरच्या राजारामपुरीतला, २००८ च्या मे महिन्यातला. उन्मेष म्हणून एक वेबसाइट करून देणारा होता. तिथल्या एका ट्रस्टच्या बिद्री गावातल्या दवाखान्याला आपल्या रुग्णवाहिकेचे रस्ते वेबसाइटवर दाखवायचे होते. नुसतं चित्र नको, हलणारा नकाशा हवा. उन्मेषनं नकाशा दाखवणारं जावास्क्रिप्टचं तयार प्लगिन इंटरनेटवरनं उतरवून घेतलं, पानात चार ओळी डकवल्या आणि दोन आकडे घातले. एक अक्षांश, एक रेखांश. हीच माझी जन्मपत्रिका. पहिल्यांदा स्वल्पविराम राहिला, तर पान पांढरंफटक. तो दिला आणि मी टपकन पडले, ती बिद्रीच्या बाजूच्या एका बंधाऱ्यावर.

माझ्यावर क्लिक केलं की फुगा उघडायचा. त्यात लिहिलेलं, ‘जवळचा रस्ता. ११ कि.मी. सुरू.’ मला तेवढंच बोलता येतं. ‘सुरू’ हा शब्द उन्मेषनं घातला. तो बंधारा त्यानं जन्मात बघितला नव्हता.

माझ्या खाली आभाळातनं काढलेला फोटो होता, उन्हाळ्यातला. नदी आटलेली, बंधाऱ्याचा माथा कोरडा, कडेच्या दगडांवर वाळत घातलेलं धुणं, ठिपक्याएवढं. उन्हाळ्यात माणसं नदीपल्याडच्या गावाला जायला माथ्यावरनंच गाड्या घालतात. पण पावसाच्या तोंडावर बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, आणि नदी फुगली की माथ्यावरनं पाणी जातं. मग मोठ्या पुलाचा वळसा, एकतीस किलोमीटर. तिथल्या शेरडांनासुद्धा हे ठाऊक. मला कुणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्याचे व्यवस्थापक यज्ञेश्वर साहेब. त्यांनी माऊसनं नकाशा इकडं ओढला, तिकडं ओढला, जवळ आणला.

“हलतंय की! म्हणजे आत्ताचं हाय हे सगळं!”

उन्मेष हसला. फोटो जुना आहे, एवढं तेव्हा बोलला असता तर काय जीभ झडली असती? पण कौतुक चाललं होतं. गप्प बसला.

गाडीवरचा चालक केरबा दारात उभा होता. वीस वर्षं त्यानं ह्याच रस्त्यांवर घालवलेली. “साहेब, पावसात त्या बंधाऱ्यावर छातीएवढं पाणी असतंय.”

“केरबा, हे आभाळातनं दिसतंय. आभाळापेक्षा तुला जास्त दिसतंय व्हय?”

“आभाळाचं काम पाऊस पाडायचं, साहेब. गाडी मला चालवायची हाय.”

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी माझ्या पानाची छापील प्रत त्याच्या गाडीच्या काचेला चिकटवली. वर साहेबांनी शेरा मारला, नकाशाप्रमाणेच जावे.

जुलै संपत आला होता. पल्याडच्या गावातनं फोन आला. शिवानी, पहिलटकरीण, कळा येतायत पण सुटका होत नाही. केरबा कागदावर लिहिल्याप्रमाणे निघाला आणि बंधाऱ्याशी येऊन थांबला. त्यानं साहेबांना फोन लावला. साहेबांनी पान उघडलं.

“केरबा, मी समोर बघतोय. कोरडा ठणठणीत हाय. लोकांनी धुणं वाळत घातलंय की!”

“साहेब, माझ्या चाकापाशी पाणी गरगरतंय. आख्खं झाड वाहून आलंय.”

“पिऊन आलायस काय? घाल गाडी!”

त्या आकड्यांवर मी उभी होते. डोक्यावरनं गढूळ पाणी चाललं होतं, आणि तोंडात शब्द एकच. सुरू, सुरू, सुरू. टाचणीला मान हलवता येत नाही हो.

केरबानं गाडी वळवली. जाताना वळसा, येताना वळसा. शिवानीची सासू अक्का गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मोठ्या पुलावर पोर झालं.

“केरबा, बाळ रडंना की रं,” अक्का म्हणाली.

ते रडलंच नाही.

दिवाळीनंतर दवाखान्यात चौकशी बसली. अक्का आली. “पाणी व्हतं. ह्या डोळ्यांनी बघितलंय.”

“अक्का, गाववाले आपल्या माणसाची बाजू घेणारच,” साहेब म्हणाले आणि उन्मेषकडं वळले. “रस्ता सुरू होता का नव्हता, दाखव.”

उन्मेषनं मला उघडलं. ऊन, कोरडा माथा, धुणं, सुरू. “नकाशात तरी सुरूच दिसतोय,” म्हणाला. त्या ‘तरी’च्या आड लपला तो.

केरबा पुढं झाला. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “साहेब, ह्ये धुणं मे महिन्यापासनं वाळतंय. अजून वाळलं न्हाय व्हय?”

मग साहेबांनी फाईल मिटली. केरबाला कामावरनं काढलं.

आता २००९ चा जून लागलाय. उन्मेष पुण्याला नोकरीला गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. मला पुसणारं कुणी नाही. गाडीवर आता बाळासो आहे. केरबाचं झालं ते बघून तो घाबरलाय. “मी काय डोकं चालवणार न्हाय बाबा. कागद म्हणतोय तसंच जाणार,” म्हणतो. काचेवर तीच छापील प्रत आहे. पल्याडच्या गावात यंदा तिघी गरोदर आहेत.

काल बंधाऱ्याचे बरगे काढले. पाणी चढायला लागलंय.

कुणीतरी माझे ते दोन आकडे खोडा. हात जोडले असते, पण टाचणीला हात नसतात. लवकर खोडा. बाळासो वळणार नाही.

उन्मेष जाण्याआधी साहेबांनी त्याच्याकडनं माझ्या फुग्यात एक ओळ वाढवून घेतली होती. मला वाटलं, ‘पावसाळ्यात बंद’ असं लिहितील. उघडून बघा काय लिहिलंय. मला ते बोलावंच लागतं.

‘जवळचा रस्ता. ११ कि.मी. सुरू. गेल्या जुलैत नकाशा न पाळल्याने उशीर झाला. दोषी चालक, केरबा.’