ओढ्यापलीकडची वहिनी

कॉम्प्युटरचा प्रोसेसर आत्ता बदलायचा की थांबायचं, या एका प्रश्नाने तिचं डोकं पोखरलं होतं. गेम खेळणारी ती, पैसे घालणारी ती, पण सल्ला द्यायला सगळं जग तयार. तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, फोनवर म्हणाला, "थांब गं जरा. नवे येतायत. आत्ता घेशील आणि मग हळहळत बसशील." दादाचं हे नेहमीचंच होतं. स्वतःच्या लग्नाचा कोटसुद्धा त्याने त्याच दिवशी सकाळी विकत घेतला होता, आणि बाह्या आखूड आहेत हे त्याला फोटो आल्यावर कळलं.

पण तिला थांबवत नव्हतं. कारण तिला वाटत होतं, आपला हा रडतखडत चालणारा कॉम्प्युटर आपली वहिनी आपल्यापासून तोडणार.

ती दात बनवायची. दवाखान्यांतून साचे यायचे, त्यावरून कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या, एखादा सुटा दात. दिवसभर डोळ्यावर भिंग आणि हातात इवलासा ब्रश. शेजारच्या दाताच्या रंगाशी नव्या दाताचा रंग जुळेपर्यंत ती कुणाशी बोलत नसे. कामावर सगळे तिला दातवाल्या ताई म्हणत, आणि ती हसली की लोक आधी तिचेच दात तपासत. ती एकटी राहायची, आणि त्याचं तिला फारसं काही वाटतही नव्हतं, निदान वहिनीची सवय लागेपर्यंत.

आता वहिनी आणि तिचं सुरुवातीपासून गूळपीठ होतं असं कुणी समजू नये. उलट बारा वर्षं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. भांडण एकही नाही. भांडण झालं असतं तर बरं, निदान काहीतरी बोलणं झालं असतं. ही दादाकडे गेली की वहिनी "या वन्सं" म्हणायची, खुर्ची पुसून द्यायची, आणि मग दोघी दादाकडे बघत बसायच्या. हिला वाटायचं वहिनीला मी नकोशी आहे, आणि वहिनीला वाटायचं नणंदबाई नाक मुरडायलाच येतात. त्या घरात विचारायची पद्धतच नव्हती. जे काही खुपेल ते गिळायचं आणि वर हसायचं, असा दोन्हीकडचा रिवाज.

मग दादाला गेमचं वेड लागलं. आठवड्यात ते उतरलं, पण तोवर त्याने नवाकोरा कॉम्प्युटर घरात आणून ठेवला होता. तो वहिनीने ताब्यात घेतला. जुना त्याने बहिणीकडे पाठवला, त्यातही तोच गेम घालून. साधासा गेम. जंगलातून लाकूड तोडून आणायचं, घर बांधायचं, गाडी जुंपून बाजाराला जायचं. हिने ओढ्याच्या अलीकडे घर बांधलं, वहिनीने पलीकडे. आणि जे बारा वर्षांत समोरासमोर बसून जमलं नाही ते हेडफोन लावून जमून गेलं. लाकडं तोडता तोडता दोघी बोलायला लागल्या. दादा घोरतो कसा, इथपासून वहिनीचं आईपण कसं हुकलं, इथपर्यंत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंसुद्धा नाही. 'वन्सं' तेवढं राहिलं, पण आता ते चिडवायला. रोज संध्याकाळी ही घरी आली, कानाला हेडफोन लावला, की पलीकडून हाक यायची, "काय वन्सं, आलात का माहेरी?"

गेले काही दिवस ती हाक येत नव्हती. वहिनी यायची, पण कोरडं बोलायची. "बरं", "हो", "असू दे". एकदा तर चक्क "तुम्ही जा पुढे" म्हणाली. चिडवणं नव्हतं त्यात. हिने खूप विचार केला आणि दोष कॉम्प्युटरवर ठेवला. आपली गाडी अडखळत चालते, वहिनी पुढे जाऊन वाट बघत उभी राहते. कोण किती दिवस थांबेल? कंटाळली असणार. विचारायचं मात्र तिच्या मनातही आलं नाही. विचारण्यापेक्षा प्रोसेसर बदलणं तिला सोपं वाटलं.

म्हणून एका शनिवारी दुपारी ती दुकानात जाऊन बसली. दुकानदार जाडजूड, शांत माणूस होता. तो कॉम्प्युटरबद्दल घरच्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचा.

"ग्राफिक्स कार्ड ठणठणीत आहे तुमचं," तिने लिहून आणलेली माहिती वाचून तो म्हणाला. "प्रोसेसर दमलाय बिचारा. पण तो बदलायचा तर खालचा बोर्डही बदलावा लागेल. माझं ऐकाल तर चार महिने कळ काढा. नवे आले की हेच स्वस्त होतील."

"चार महिने फार झाले हो."

"एवढी काय घाई? कुणी वाट बघतंय का तिथे?"

"हो," ती म्हणाली, आणि आपण हे इतक्या पटकन बोललो म्हणून ओशाळली.

दुकानदार हसला नाही. त्याने एक कॉम्प्युटर तिच्यापुढे सरकवला. "यात नवा प्रोसेसर आहे. तुमचं खातं उघडून बघा. फरक पडला तर घ्या, नाहीतर पैसे जपा."

तिने गेम उघडला. स्वतःचं घर ओळखायला तिला वेळ लागला.

घर तेच होतं, दारही तेच. पण तिच्या ओळखीचा तो उघडाबोडका माळ कुठेच नव्हता. गुडघाभर गवत वाऱ्यावर हलत होतं. आणि दारापासून ओढ्यापर्यंत फुलंच फुलं होती. निळी, पिवळी, पांढरी. आपोआप उगवलेली नव्हेत. कुणीतरी रंग निवडून, अंतर राखून, बसून लावलेली. रंगाला रंग जुळवणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं, तिला ते एका नजरेत कळलं. पांढऱ्याशेजारी निळं ठेवताना मध्ये फिकट पिवळं घालणाऱ्या बाईने त्यावर किती संध्याकाळी घालवल्या असतील, हेही कळलं.

त्या फुलांच्या मधोमध दोन चाकोऱ्या गेल्या होत्या. तिच्याच गाडीच्या. चाकोरीत नवी रोपं लावलेली होती, तीही चिरडलेली. त्यांच्या शेजारी आणखी नवी.

"हे... हे माझ्याकडे दिसत नाही," ती म्हणाली.

"नाहीच दिसणार," दुकानदार म्हणाला. "दमलेल्या मशीनवर गवत, फुलं, पक्षी बंद करून ठेवतात. भार कमी होतो. ज्यांनी गेम घालून दिला त्यांनी केलं असेल."

दादा! करून मोकळा झाला आणि सांगायचं विसरला. तिला आधी दादाचा राग आला, आणि मग ते दगड आठवले. तिच्या दारापुढे मध्यंतरी दगडांच्या रांगा दिसायला लागल्या होत्या. गाडीची चाकं अडायची. तिने एक दिवस ते सगळे उचलून ओढ्यात टाकले आणि हसत हसत वहिनीला सांगितलं होतं, "अगं, कुणीतरी माझ्या दारात कचरा टाकला होता, मी साफ केला." वाफ्याची कड होती ती. वहिनीने फुलं वाचावीत म्हणून घातलेली.

तिला तिथेच, त्या तारांच्या आणि खोक्यांच्या दुकानात, रडू फुटलं. दुकानदार पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून गेला.

तिने फोन लावला. वहिनी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, पण आज तिची सुट्टी होती.

"बोला," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मला फुलं दिसत नव्हती."

"काय?"

"माझ्या कॉम्प्युटरवर फुलं दिसतच नाहीत गं. दादाने बंद करून ठेवली होती. मी आत्ता दुकानात बसलेय, इथे दिसली. मी गाडी घातली रोज त्यांच्यावरून. दगड फेकले. आईशप्पथ सांगते, मला काही माहीत नव्हतं."

  

"दिवसभर मी लोकांना विचारते," वहिनी म्हणाली, "हे दिसतंय का, ते दिसतंय का. तुला विचारायला काय झालं होतं मला?" तिचा आवाज ओला झाला होता. "मला वाटलं, पुन्हा पहिल्यासारखं झालं. मी काही केलं की वन्संना ते पायाखालीच घालायचं असतं."

"आणि मला वाटलं, तू कंटाळलीस माझ्या गाडीला. म्हणून तर नवा प्रोसेसर घ्यायला आले. दुकानदार म्हणतो चार महिने थांबा, पण मला थांबवेना."

"शहाणीच आहेस."

"तू कमी आहेस का?"

वहिनी हसली, नाक ओढत हसली. मग एकदम थांबून म्हणाली, "म्हणजे तुला आत्तापर्यंत दिसत काय होतं तिथे?"

"माती. नुसती माती आणि ओढा."

"अगं बाई! आणि तरी रोज यायचीस?"

"फुलं बघायला कुठे येत होते मी? तुझ्याकडे येत होते."

हे बोलून गेल्यावर तिला हलकं वाटलं. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पडद्यावर ओढ्यापलीकडचं दार उघडलं आणि वहिनी बाहेर आली. पूल ओलांडून, चाकोरी टाळून, ती हिच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"हे घेऊ नकोस तू," वहिनी फोनवर म्हणाली. "थांब चार महिने, दुकानदार बरोबर सांगतोय. तोवर इकडे येत जा. घरी. एका कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या मांडू."

"दादा काय म्हणेल?"

"दादाचा काय संबंध? मी बोलावतेय. आज ये. आत्ता ये."

बारा वर्षांत त्या घरचं बोलावणं वहिनीच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं. तिला "येते" एवढंच म्हणता आलं.

दुकानदार पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आला. "मग काय ठरलं? आत्ता की नंतर?"

"नंतर," तिने डोळे पुसले. तो कॉम्प्युटर बंद करायला वाकला तशी तिने त्याचा हात धरला.

"एक मिनिट हं," ती म्हणाली. "वहिनी उभी आहे अजून. ती आत गेली की बंद करा."