पुढे आलेला हात

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खोली बघा. बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, झाकणाची खेळण्यांची पेटी आणि भिंतभर आरसा. या आरशाची गंमत अशी, की पलीकडे बसलेल्याला आतलं सगळं दिसतं. आज पलीकडे परीक्षा घेणाऱ्या बाई होत्या आणि शेजारी एका मुलीचा बाप.

आत होती ताई. न बोलणाऱ्यांना बोलतं करायचं शिक्षण घेत होती. आज शेवटची परीक्षा. समोर ती सहा वर्षांची मुलगी, तोंडाला कुलूप लावलेली. अर्ध्या तासात तिने काही मागितलं, तर ताई पास. नाहीतर वर्ष पाण्यात.

ताईने लाल गाडी दाखवली. मुलीने हात पुढे केला.

बाईंनी वर्षभर घोकून घेतलं होतं, "हात पुढे आला की ते मागणंच. लगेच द्यायचं." पण ताईला हवा होता शब्द, आरशापलीकडे ऐकू जाईल असा. तिने गाडी उंच धरली.

"अंहं! आधी बोल. बोल!"

मुलगी झेपावली. दात मनगटात रुतले, रक्त आलं. मग खुर्ची उडाली आणि आरशाला तडा गेला.

दार धाडकन उघडलं. बापाच्या हातात कमरेचा पट्टा. "एरवी दातखीळ बसते, अन् चावायला बरं तोंड उघडतं गं! बोल! बोल म्हणतो ना!"

मुलीने दोन्ही हात डोक्यावर घेतले, सवयीने. यांच्या घरी 'बोल'नंतर काय येतं, ते ताईला कळलं. आणि तीही तेच ओरडली होती.

ती मध्ये पडली. पट्टा सपकन कानशिलावर बसला, दुसरा फटका खांद्यावर.

"व्हा बाजूला, मॅडम! पोर माझी आहे!"

"असेल. हात लावून तर बघा!"

बाई आणि दारावरचा शिपाई धावत आले. शिपायाने बापाला भिंतीवर आदळून हात पिरगळला, तेव्हा कुठे पट्टा गळून पडला.

"चला, आता तुम्हीच बोला. पोलिसांसमोर," बाई म्हणाल्या. शिपायाने त्याला फरफटत बाहेर नेलं. बाई ताईकडे वळल्या. "चल गं, टाके घालावे लागतील."

"चार मिनिटं उरलीत ना, बाई?"

बाईंनी घड्याळ बघितलं. मग आरशामागे गेल्या.

ताई जमिनीवर बसली. गाडी अजून मुठीतच होती. या वेळी ती काहीच म्हणाली नाही.

मुलीने पट्टा उचलला, पेटीत टाकला, झाकण लावलं आणि त्यावर ठाण मांडून बसली. मग तिने ताईकडे बघत हात पुढे केला.