सगळे दाखवा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं, संगणकाचा, काचेचा, इस्पितळातल्या रक्तपेढीच्या भिंतीवर टांगलेला. माझी कहाणी तुम्हाला निवांत सांगायची फार हौस होती, पण आज वेळ नाही. समोर एक बाप उभा आहे आणि माझा जीव नुसता कासावीस झालाय.

भराभर सांगतो. मला घडवणारी मुलगी भलती हट्टी होती. त्या वेळी इथे रक्तदात्यांच्या लांबच लांब याद्या होत्या. रक्तगट टाकला की नावं येत, तेवढंच. ती म्हणाली, "यादी वाचायला डोकं लागतं, चित्र पाहायला डोळे पुरतात." मग तिने प्रत्येक माणसाचा एक ठिपका केला आणि ठिपक्यांमध्ये रेघा ओढल्या. कोण कुणाची आई, कोण कुणाचा भाऊ, कुणी कुणासाठी रक्त दिलं, ते रेघेवर लिहिलेलं. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या माणसाची सगळी माहिती उघडे. असं एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता, विचारायला सुचलंही नसतं ते सापडायचं. इथल्या ताई सगळ्यांना सांगत, "आमचा पडदा म्हणजे गावभर ओळखी असलेली आत्या आहे!" मला काय मस्त वाटायचं तेव्हा!

मग नवे साहेब आले. पाहुणे पाहणीला येणार होते. साहेबांनी माझ्याकडे पाहून नाक मुरडलं. "काय हा गुंता! ज्यांना एकच रेघ आहे, ते ठिपके लपवून टाका. चित्र कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे." ठिपके लपले. पाहुणे वाहवा करून, चहा पिऊन गेले. लपलेले ठिपके परत आणायचं कुणाला सुचलंच नाही. माझ्या कोपऱ्यात 'सगळे दाखवा' असं बटण आहे, पण त्यावर कुणीतरी कागद चिकटवला, 'पडद्याला विनाकारण हात लावू नये'. मूर्खपणा नाही तर काय!

आणि आज हा बाप. मुलीला आत नेलंय, तिच्या छोट्या चपला याच्या हातात तशाच राहिल्या आहेत. तिचा रक्तगट अगदी दुर्मिळ, पेढीत एकही पिशवी नाही. ताईंनी गट टाकला. एकच ठिपका उजळला, एका घड्याळजींचा. त्यांनी पुष्कळदा रक्त दिलेलं, म्हणून रेघाही भरपूर. ताईंनी फोन लावला. पलीकडून कळलं, ते मागेच वारले.

"मग दुसरं कुणीच नाही का हो, ताई?"

"दिसत तरी नाहीये, दादा. दुसऱ्या पेढ्यांना विचारते मी."

दिसत नाहीये! अहो, दिसेल कशी? घड्याळजींची धाकटी बहीण त्यांच्या ठिपक्याला लागूनच आहे. तिला एकच रेघ, भावाची. तिचा गट कुणीतरी रकान्यात भरायचं सोडून खाली शेऱ्यात लिहून ठेवलाय, 'भावाचाच गट. मागच्या गल्लीत राहते. केव्हाही बोलवा.' गट टाकून ती कधीच सापडायची नाही. नुसती रेघ दिसली असती, तर ताईंचं बोट आपसूक तिच्यावर गेलं असतं.

मला तोंड नाही हो, मित्रांनो. मी फक्त दाखवू शकतो, आणि तेच माझ्याकडून काढून घेतलंय. ताई फोनमागून फोन लावताहेत. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज आणखी बारीक होतोय. मी इथे जळतोय नुसता.

लोक अशा गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मला नको निगा. धूळ बसू दे, तडा जाऊ दे, उद्या भंगारात टाका. पण माणसांना लपवून मला देखणं करू नका. ज्याला एकच रेघ असते ना, त्याच्याकडे जायची वाटही तेवढी एकच असते.

ताईंनी फोन खाली ठेवला. "दादा, जरा बसून घ्या," त्या म्हणाल्या.

नका बसू, दादा! माझ्याकडे या. तो कागद फाडा आणि दाबा ते बटण!