माझं तोंड कुठे आहे?

मी किसनरावांची डिझेल मोटारगाडी बोलतेय. बोलते कसली, ठसकते. वय झालं, पण तोंड शाबूत आहे. ते नेमकं कुठे आहे, यावरूनच तर सगळं रामायण झालं!

जन्म माझा सातासमुद्रापलीकडला. एका गोऱ्या साहेबाबरोबर अमरावतीला आले, मध्यप्रांत-वऱ्हाडाची नंबरपाटी लावून मिरवले. साहेब मायदेशी गेला आणि नांदगाव खंडेश्वरच्या किसनरावांनी मला घेतलं. ठेवलं कुठे? गोठ्यात, पवळ्या बैलाशेजारी! पहिले आठ दिवस तर चाकाला दावंही होतं. पवळ्या माझ्या वासानं नाक मुरडायचा. किसनरावांच्या पत्नी कौशल्याबाई मात्र मला घरचंच जनावर मानायच्या. जीव लावला हो त्या बाईनं.

यंदा माझं इंजिन बसलं. अमरावतीहून चंद्रभान मिस्त्री आले, चार दिवस ठोकाठोक केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी कौशल्याबाईंनी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणाल्या. मग माझ्याही मडगार्डला लोणी लावून तेच म्हणाल्या. मला भरून आलं.

पोळ्याला दुपारी शेवटचा नट आवळून मिस्त्री हातपाय धुवायला गेले. तेवढ्यात बाई पुरणपोळ्यांची परात घेऊन आल्या. बैलांना घास दिला, मलाही दिला. पण दिला कुठे, तर मागच्या धुराच्या नळीत! पाच पोळ्या, बोटानं दाबून दाबून.

मिस्त्रींनी हँडल मारलं. मी ढिम्म. श्वास कोंडल्यावर काय सुरू होणार, कपाळ?

"डिझेलात हवा असंन," म्हणत त्यांनी डिझेलच्या नळ्या सोडल्या, हवा काढली, पुन्हा हँडल मारलं. काही नाही. बैलांनी ओढून बघावं, तर पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू कोण ठेवतो?

किसनराव तापले. "आज सुरू झाली तं झाली! नाई तं उद्या अकोल्याच्या भंगारवाल्याले देतो!"

कौशल्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी तर मनातून मेलेच.

इतक्यात झूल पांघरून, शिंगांना बेगड लावून पवळ्या मिरवणुकीला निघाला. माझ्यामागे येऊन थांबला, नळी हुंगली आणि जीभ घालून चाटू लागला. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, तार घातली. बाहेर पुरण!

"हे कोनं केलं?" किसनराव गरजले.

"म्या. बैलायले घास देल्ला, तिनंच काय पाप केलं?"

"पन मांगून कावून? तोंड तं समोर हाय!"

"ज्याच्यातून धूर निघते थेच तोंड. तुमच्या तोंडातून नाई निघत चिलमीचा?"

किसनरावांनी हातातली चिलीम गुपचूप पाठीमागे नेली.

पुढच्या हँडलला मी अशी खोकले, की उरलंसुरलं पुरण त्यांच्या नव्या धोतरावर. ते पुसत म्हणाले, "राहू दे बाप्पा. घरचीच हाय."

आता पवळ्या नाक मुरडत नाही. रोज येऊन नळी चाटून बघतो, वेडा.

कौशल्याबाई, एक विनवणी आहे. पुढल्या पोळ्याला माझा घास पवळ्यालाच द्या. आवतन मात्र मला द्यायला चुकू नका. जेवायला बोलावणारं कोणी असलं, की भंगारात जावंसं वाटत नाही.