परत चालव

आज सकाळपासून वारा पडलाय. आभाळ राखेच्या रंगाचं, खिडकीबाहेरचं पानसुद्धा हलत नाही. अशा कोंदट दिवशी मी बोलतोय, बाबांनो. मी, या कंपनीच्या भिंतीवरचा दिवा. लाल आणि हिरवा, एवढेच दोन शब्द मला येतात. शाळा काही पाहिली नाही.

इथे फोनवरची ॲपं बनतात. मला इथे लावलं ते तपासणीच्या बाईंनी. सगळे त्यांना शंकाताई म्हणायचे. आधी त्या हातानंच तपासायच्या. ओल्या बोटानं बटण दाब, मध्येच फोन बंद कर, नको तिथे नको ते लिही. मग आपोआप तपासणारा प्रोग्राम आला. चहा होईस्तोवर त्याचं सगळं तपासून व्हायचं. सगळं ठीक तर मी हिरवा. एक जरी चुकलं तर लाल. सुरुवातीला मी लाल झालो की माणसं हातातला घास ठेवून धावायची. काय मान होता!

मग ॲम्ब्युलन्स बोलवायचं ॲप आलं. त्याच्या तपासणीत मी अधूनमधून लाल व्हायचो. कुणीतरी म्हणालं, "याचं डोकं फिरलंय. परत चालव." तपासणी परत चालवली, झालो हिरवा. तेव्हापासून तीच खोड लागली. लाल दिसलो की परत, पुन्हा परत, हिरवा होईपर्यंत.

शंकाताईंना चैन पडेना. त्यांनी फोन हातात घेतला, दुपारभर खटपट केली आणि साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, घर बदललेल्या माणसाचा ॲम्ब्युलन्सला कधीकधी जुनाच पत्ता जातोय."

"कधीकधी ना? दिवा तर हिरवा आहे."

"दाबून दाबून हिरवा केलाय त्याला!"

"ताई, तुम्ही पाणीसुद्धा फुंकून प्याल. आता मशीन तपासतं सगळं. मी तर पहिलं माझ्या आईच्याच फोनात टाकणार आहे, बघा."

"अहो, आई आत्ताच तुमच्याकडे राहायला आल्यात ना? त्यांचंच घर बदललंय!"

साहेब हसले आणि दुसऱ्याशी बोलायला लागले.

त्या आजी मला ठाऊक आहेत. एकदा आल्या होत्या, छातीवर हात धरून, जिन्यात थांबत थांबत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या लेकराला कुणी झोपू देतं की नाही?" मला लेकरू म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

आज ॲप लोकांच्या हातात गेलं. शंकाताईंना कालच नारळ दिला. त्यांची खुर्ची भिंतीला लावून ठेवलीय. सकाळी मी लाल झालो. जीव खाऊन लाल. "परत चालव." पुन्हा लाल. "परत." मी वायरीच्या पाया पडलो, म्हटलं नको गं, एवढी एक वेळ नको. झालो हिरवा. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांतच साहेबांनी घरी फोन लावला. "आई, छातीत दुखलं तर नुसतं ते बटण दाब हं. माझी वाट बघू नकोस."

माझ्याकडे बघणाऱ्यांनो, हिरवा आहे एवढंच बघू नका हो. आधी किती वेळा लाल झाला, ते विचारा. कुणीतरी विचारा.

शेजारी घड्याळ आहे, माझ्याहून म्हातारं. त्याला म्हटलं, मला आवाज नाही, तू तरी ओरड. ते म्हणालं, "मला बाबा एकच सांगता येतं. वेळ चाललाय."