धोपटण्याखाली सापडलेलं ॲग्लेट

मी एक जुनं ॲग्लेट आहे. ओळखलं नाही ना? मित्रांनो, बुटाच्या लेसच्या टोकाशी प्लास्टिकची इवलीशी टोपी असते, ती मी. नाव एवढं ऐटबाज, पण हाक मारायला कोणी नाही.

कारखान्यात गरम करून मला लेसभोवती आवळलं, ते सूत विस्कटू नये म्हणून. मग लालबागच्या चाळीतली अपेक्षा पोलीस भरतीसाठी धावू लागली आणि मी तिच्या उजव्या बुटात आलं. दोन वर्षं धूळ खाल्ली, चिखल खाल्ला. शाबासकी मात्र बुटांना!

धावण्याच्या चाचणीच्या आदल्या दिवशी तिची आत्या मीराबाई हिने हौसेनं लेस धुतल्या. नुसत्या धुतल्या नाहीत. चादरी बडवाव्यात तशा धोपटण्यानं बडवल्या. मी उभं चिरलं गेलं.

सकाळी अपेक्षा लेस ओवायला बसली. विस्कटलेलं सूत भोकात जाईना.

"आत्ये, काय केलंस हे! सातला मैदानाचं गेट बंद होतं. पुढच्या भरतीला माझं वय नाय बसणार!"

"अगो, मळली होती म्हणून…"

"मळलेली धावली असती! ॲग्लेट फुटलं बघ."

"काय फुटलं?"

"हे टोक. जनरल नॉलेजच्या पुस्तकात नाव आहे त्याचं."

"एवढ्याशाला नाव? मिलमध्ये मला नंबरानं हाक मारायचे." मीराबाईने डोळे पुसले. "आण इकडे."

बारा वर्षं तिने मिलमध्ये तुटलेलं सूत जोडलं होतं. थुंकी लावून तिने लेसला पीळ दिला, टोक माझ्यात सरकवलं, वरून दोरा गच्च गुंडाळला, मेणबत्तीचं मेण चोळलं. ओठांत गुणगुणणं चालूच:

*तुटल्या गं सुताला, देते पीळ, देते गाठ*
*भाची माझी निघाली गं, मोकळी कर वाट*

लेस सरकन भोकातून गेली. अपेक्षा जिना उतरली ती धावतच.

दुपारी ती परतली. दारातूनच ओरडली, "आत्ये, पास झाले मी धावण्यात!"

मीराबाई आधी खाली वाकली. बुटाला हात लावून म्हणाली, "ॲग्लेट टिकलं ना गो तुझं?"

कोणीतरी काळजीनं माझं नाव घेण्याची ती पहिलीच वेळ.

आता बुटाला नव्या लेस आहेत. मी मीराबाईच्या बटणांच्या डब्यात आहे, अंगावर तिचा दोरा लेवून. मित्रांनो, लेस धुवा, पण बडवू नका. आणि तुमचं विस्कटलेलं टोक जे कोणी धरून ठेवतं, त्याला एकदा तरी नावानं हाक मारा.